४०७ मिसिंग मारतेय, मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काम – उघडायच्या आधी काय काय बघू?

नारायणगावचा_टेम्पोवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडं टाटा ४०७ आहे, २००४ ची, नॉन टर्बो, ४९७ इंजिन, डिझेलचा फ्युएल पंप मायकोचा. टोमॅटोच्या सीझनला नारायणगाव ते वाशी मार्केट आणि एरवी कांदा, खत, मांडवाचं सामान, जे भाडं मिळेल ते. गाडीनं तसा कधी त्रास दिला नाही, पण थंडी पडली तसं सकाळी सेल्फ मारला की पटकन उचलत नाही, खूप वेळ घेते आणि मग दोन-तीन सिलेंडरवरच धडधड करत चालू होते, मागं पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास. गरम झाली की धूर कमी होतो पण आयडलला लंगडणं काय जात नाही, बाजूचा आरसा असा थरथरतो की मागचं काय दिसत नाही. रेस दिली की जरा बरं वाटतं. कल्याणवरनं खत भरून माळशेज चढताना आधी जिथं तिसऱ्यात यायची तिथं आता दुसरा टाकावा लागतो.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवीन टाकले, एअर काढून झाली, नोझल मागच्या वर्षी पंपवाल्याकडनं, म्हणजे फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्याकडनं, सर्व्हिस करून आणलेले आहेत. मिस्त्रीनं ब्रेदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप काढून दाखवला, त्यातनं धूर येतोय, म्हणाला बॅक कंप्रेशन मारतंय, सिलेंडरमधला गॅस खाली निसटतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, लायनर पिस्टन सगळं करावं लागणार, पाऊण लाखाच्या वर जाईल. माणूस चांगला आहे, वडिलांच्या वेळेपासनं तोच बघतो, पण एवढे पैसे घालायच्या आधी खरंच रिंगाच गेल्यात का हे कळायला काय मार्ग आहे का? ऑइल फार खात नाही, एका ऑइल चेंजपासनं दुसऱ्यापर्यंत लिटरभर टॉपअप. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही. पासिंग पण जवळ आलंय.

कोथरूड_रायडर

स्पार्क प्लग आणि कॉइल बघितली का? माझ्या कारला सेम असंच मिसिंग होतं, एक कॉइल गेलेली निघाली.

लोडवाला_बीड

अहो डिझेल गाडी आहे ती, प्लग कुठनं आणायचा त्यानं.

डिझेल_नाना

फुल काम कधीही करता येतं, ते कुठं पळून जात नाही. आधी कुठलं सिलेंडर ते शोधा, मग का ते शोधा, आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्या. आमच्या वर्कशॉपात हेड उघडायच्या आधी सिलेंडर नंबर सांगितल्याशिवाय फोरमन सही करत नव्हता आणि त्याचं बरोबरच होतं.

पहिला प्रश्न एवढाच की मिसिंग एकाच ठरलेल्या सिलेंडरवर आहे का फिरतंय. कधी हे कधी ते असं फिरत असेल तर कंप्रेशनचा विचारच सोडा, ती हवा आहे, कुठंतरी डिझेल लाइन हवा ओढतेय, फिल्टरचा वॉशर, हँड प्रायमर, टाकीकडनं येणारा पाइप चेसिसला घासून बारीक तडकलेला. रिटर्नला थोडा वेळ पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यानं दिसतात. आणि चारही सिलेंडर सारखेच मरगळलेले असतील तर पंपाचं टायमिंग मागं पडलंय का, सेल्फ हळू फिरतोय का, तिकडं बघायचं. पण एकाच सिलेंडरवर ठाम बसलेलं असेल तर मग त्या सिलेंडरचं डिझेल नाहीतर त्या सिलेंडरचं कंप्रेशन, तिसरं काही नसतं.

ते कळायला मशीन लागत नाही. गाडी आयडलला ठेवायची आणि नोझलकडं जाणाऱ्या हाय प्रेशर पाइपचा नट एक-एक करून अर्धा-पाऊण आटा सैल करायचा, डिझेल तिथंच सांडतं आणि ते सिलेंडर कट होतं. सिलेंडर काम करत असेल तर इंजिन लगेच खाली बसतं, आवाज बदलतो. ज्याचा नट सोडला तरी इंजिनाला काय फरकच पडत नाही, तेच ते. वरनं फडकं टाका, डोळ्याला चष्मा लावा आणि त्या धारेपुढं बोट अजिबात धरू नका, हाय प्रेशरचं डिझेल कातडी फोडून आत जातं, दिसायला सुई टोचल्याएवढं दिसतं आणि नंतर बोट काढायची वेळ येते, मी डोळ्यानं बघितलेलं आहे. नट सोडायचा नसेल तर सकाळी गार गाडी चालू करून पाचेक मिनिटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारी तोंडांवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. तीन ठिकाणी चर्र करून उडून जाईल, एका ठिकाणी ओघळत बसेल. थेंब म्हणतोय, मग्गा नाही.

हे करता करता दुसरा माणूस ब्रेदरकडं बघत ठेवा. जे सिलेंडर कट केल्यावर ब्रेदरचा धूर एकदम कमी होतो त्या सिलेंडरच्या रिंगा खराब. कुठलंही कट करा, ब्रेदर आहे तसाच राहतोय, तर मिस्त्रीनं दाखवला तो धूर म्हणजे वयाप्रमाणे येणारी वाफ. वीस वर्षाच्या इंजिनाचा ब्रेदर कोराच पाहिजे असं म्हणून कसं चालेल. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवून बघा, जागेवर नाचतंय तर चालतंय, उडून खाली पडतंय तर गडबड आहे.

माझा अंदाज सांगू का, ऑइल खात नाही, निळा धूर नाही, तर रिंगांवर मला एवढी शंका येत नाही. पण अंदाजावर कोणी हेड उघडू नये, तुमच्या मिस्त्रीनंही नाही आणि माझ्यामुळंही नाही.

नारायणगावचा_टेम्पोवाला

नाना खूप आभार. आज सकाळीच मिस्त्रीला बोलावून करून बघितलं, तो आधी जरा नाखूष होता पण नंतर त्यालाच इंटरेस्ट आला. १, २ आणि ४ चा नट सोडला की इंजिन लगेच बसतं. ३ नंबरला काहीच फरक नाही, सोडा नाहीतर आवळा. पाण्याचा थेंब पण ३ नंबरलाच ओघळला. ब्रेदर कुठल्याच सिलेंडरला बदलला नाही. आता ३ चं नोझल गेलंय असं समजू का?

डिझेल_नाना

समजायचं कशाला, अदलाबदल करा. ३ चं नोझल १ ला आणि १ चं ३ ला. मिसिंग १ वर आलं तर नोझल, ३ वरच राहिलं तर कंप्रेशन किंवा पंपाचं त्या लाइनीचं काहीतरी. पंपाचं बघायला नोझल बाहेरच्या बाहेर पाइपला जोडून सेल्फ मारा, चारी भोकांतनं – किती भोकं असतील ती – धुक्यासारखं बारीक उडतंय का एखादी धार पडतेय ते दिसतं. हात लांब.

लेथवाला_सांगली

नोझल काढलं की आधी ते ज्या खळग्यात बसतं तिथं टॉर्च मारून बघा. तळाला तांब्याचा वॉशर असतो. तिथनं लीक असेल तर नोझलच्या भोवती काळं डांबरासारखं साचलेलं असतं आणि चालू गाडीला चक-चक-चक असा आवाज येतो, थोडं ऑइल टाकलं की बुडबुडे येतात. पुष्कळ वेळा जुना वॉशर आतच चिकटून राहतो आणि त्यावर नवीन बसवतात, मग दोन वॉशर होतात, नोझल वर उचललं जातं आणि स्प्रे पिस्टनच्या वाटीत पडायचा तो भलतीकडं पडतो. असं हेड माझ्याकडं आलेलं आहे, त्या बिचाऱ्यानं पंप दोनदा खोलून घेतला होता.

अजून एक, तुम्ही "डिझेल" कुठलं टाकता? हायवेला टँकरमधनं स्वस्तात बायोडिझेल म्हणून जे काय विकतात ते घेत असाल तर नोझलवर भरवसा ठेवू नका, वर्षापूर्वी सर्व्हिस केलेलं असलं तरी.

नारायणगावचा_टेम्पोवाला

पेट्रोल पंपावरचंच टाकतो दादा, ते दुसरं कधीच नाही. नोझल बदलून बघितली, मिसिंग ३ वरच राहिलं. स्प्रे चारही सारखे. वॉशर एकच होता, खळगा स्वच्छ. म्हणजे कंप्रेशनच ना? मिस्त्रीकडं कंप्रेशन मोजायचा गेज आहे पण तो म्हणतो पेट्रोल गाड्यांचा आहे.

मोजमाप_चाकण

पेट्रोलचा गेज लावू नका, तो साधारण २० किलोच्या आसपास संपतो, डिझेलला त्याचा काटा एका झटक्यात जागेवर राहणार नाही. डिझेलचा गेज ७० किलोपर्यंतचा येतो आणि नोझलच्या जागी बसणारं अडॉप्टर लागतं, पंपवाल्याकडं बहुतेक असतंच, भाड्यानं मागा.

टेस्ट घेताना बॅटरी फुल चार्ज पाहिजे, इंजिन गरम, एअर फिल्टर काढलेला, चारही नोझल बाहेर आणि स्टॉपची केबल ओढून डिझेल बंद. लोक एकच नोझल काढतात आणि बाकी तीन सिलेंडर दाबत सेल्फ रडत फिरतो, मग आकडा कमी येतो आणि म्हणतात कंप्रेशन गेलं. प्रत्येक सिलेंडरला सेल्फ सारखाच वेळ मारा, काटा वर चढून थांबेपर्यंत. आणि कृपया टेस्टच्या आधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप, चेक करा, गॅप नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

अशा नॉन टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला सेल्फवर २५ ते ३० किलोच्या आसपास आलं तर ठीक. पण एकूण आकड्यापेक्षा आपसातला फरक जास्त बोलतो. चारही २३-२४ असतील तर इंजिन म्हातारं आहे पण चालेल, तीन २६ आणि एक १५ असेल तर ते एक आजारी आहे. दोन शेजारचे, म्हणजे २ आणि ३, दोन्ही पडलेले असतील तर हेड पॅकिंग, हेडखालची गास्केट, त्या दोघांच्या मधे फुटलंय असं धरा.

डिझेलला कंप्रेशनचं एवढं का, तर इथं ठिणगी नाही, हवा दाबूनच पेटवायची. १७ पट दाबली की हवा पाचशे डिग्रीच्या वर जाते आणि त्यात डिझेल आपोआप पेटतं. व्हॉल्व्हमधनं किंवा रिंगांमधनं हवा निसटली, वरनं थंडी आणि सेल्फ हळू, की तेवढं तापमानच होत नाही, डिझेल न जळता सायलेन्सरमधनं पांढरं बाहेर पडतं. तुमचं सकाळचं लक्षण तंतोतंत तेच आहे. रेस दिल्यावर बरं का वाटतं, तर निसटायला वेळच कमी मिळतो.

लोडवाला_बीड

गेज लावल्यावर कमी आलं तर नोझलच्या भोकातनं दोन चमचे ऑइल टाकून परत बघायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. सोपं आहे, आमच्याकडं सगळे तसंच करतात.

मोजमाप_चाकण

ते पेट्रोलला ठीक आहे. डिझेलला ती टेस्ट फसवते, हिशोबच करून दाखवतो. ४९७ म्हणजे ४ सिलेंडर, ९७ मिमी बोअर, स्ट्रोक १००, एकूण २९५६ सीसी, म्हणजे एका सिलेंडरला ७३९. कंप्रेशन रेशो १७ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ७३९ भागिले १६, साधारण ४६ सीसी. एवढीच. त्यात तुम्ही दोन चमचे म्हणजे १० सीसी ऑइल ओतलंत तर जागा ३६ राहिली आणि रेशो २१ च्या वर गेला. रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी काटा वाढणारच, आणि तुम्ही म्हणणार बघा रिंगा गेल्या. आणि कोणी अंदाजानं वाटीभर ओतलं तर पिस्टनला वर यायला जागाच नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलला ऑइल टाकू नका, हवा सोडून ऐका.

डिझेल_नाना

चाकणकर बरोबर बोलतात. हवा सोडायची पद्धत सांगतो. भंगारातलं जुनं नोझल होल्डर घ्यायचं, आतली स्प्रिंग, सुई काढून टाकायची, आरपार भोक पाडून मागं हवेचा निपल बसवायचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो, सहा-सात किलो हवा बास.

३ नंबर कंप्रेशनच्या टॉपला आणायचा. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळं २ नंबरचे दोन्ही रॉकर जेव्हा एकाच वेळी हलतात, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा ३ नंबर टॉपला असतो आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग गाडी टॉप गिअरला टाका, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, आणि क्रँकच्या नटवर पाना ठेवून जाऊ नका. हवा पिस्टनला खाली ढकलते आणि पाना गरकन फिरून नडगीवर बसतो.

हवा सोडली की बाकी सगळं बंद करून कान लावायचा. सायलेन्सरला फुस्स येतंय तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या पाइपला येतंय तर इनलेट. ऑइलच्या झाकणातनं, डिपस्टिकच्या नळीतनं येतंय तर रिंगा. रेडिएटरमधे बुडबुडे किंवा शेजारच्या नोझलच्या भोकातनं हवा, तर पॅकिंग. थोडी फार हवा रिंगांमधनं जातेच, ती धरायची नाही, म्हणून चांगल्या सिलेंडरला, समजा १ ला, आधी लावून ऐका म्हणजे कानाला अंदाज येतो.

लेथवाला_सांगली

आणि टॅपेट चेक करताना गॅप *जास्त* आहे का एवढंच बघू नका. लोकांना वाटतं वापरानं गॅप वाढतो आणि टकटक आवाज आला की सेट करायचं. रॉकर, पुशरॉड झिजले की वाढतोही. पण व्हॉल्व्हची सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमधे वर चढतो आणि गॅप *कमी* होत जातो, आणि हे अगदी गुपचूप होतं, उलट इंजिन जास्त शांत वाटतं. शेवटी गॅप शून्य होतो, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच हेडच्या पाण्यात जाते, टेकला नाही तर कडेनं लाल होत होत एक खाच पडते, आणि त्या खाचेतनं गॅस मारला की खाच मोठी होत जाते. माझ्याकडं येणाऱ्या हेडांत हा प्रकार सगळ्यात जास्त. फीलर गेज लावून नीट बघा, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या, मिस्त्रीच्या अंगठ्याचा नको.

नारायणगावचा_टेम्पोवाला

उशीर झाला, मधे भाडी होती, लंगडतच मारली. पंपवाल्यानं गेज दिला, त्याचा पोरगा सोबत आला. टेस्टच्या आधी टॅपेट बघितले तर ३ नंबर एक्झॉस्टला पातळातलं पातळ पातंही जात नव्हतं. बाकी सगळे थोडे इकडं तिकडं पण गॅप होता. तसंच ठेवून आधी एकदा आकडे घेतले, १ ला २६, २ ला २५, ३ ला १३, ४ ला २५. मग टॅपेट सेट करून परत ३ घेतला, १६ आला. म्हणजे थोडा फरक पडला पण पुरेसा नाही.

मग हवा सोडली. १ नंबरला बारीक सूं आवाज झाकणातनं, तेवढाच. ३ ला हवा सोडली आणि सायलेन्सरच्या तोंडाला हात धरला तर सरळ वारा लागतो, मागं उभं राहून ऐकू येतं, झाकणातनं १ सारखंच सूं. रेडिएटर शांत. मिस्त्री स्वतः दोनदा मागं जाऊन हात धरून आला.

लेथवाला_सांगली

झालं मग. हेड उतरवा, ३ चा एक्झॉस्ट. हेड काढायच्या आधी व्हॉल्व्हच्या बुडावर हलकेच हातोडी मारून बघायची एक पद्धत आहे, कार्बनचा खडा सीटमधे अडकलेला असला तर निघतो, पण टॅपेट शून्य सापडलाय म्हटल्यावर मला नाही वाटत उपयोग होईल.

हेड उतरलं की व्हॉल्व्हचे स्प्रिंग काढायच्या आधीच एक्झॉस्टची तोंडं वर येतील असं हेड ठेवून त्यांत डिझेल ओता आणि सिलेंडरच्या बाजूला बघा कुठला व्हॉल्व्ह पाझरतोय. गाईडमधे व्हॉल्व्ह हलवून बघा, गाईड ढिली ठेवून नवीन व्हॉल्व्ह टाकला तर सहा महिन्यात परत माझ्यासारख्याचं घर भरायचं. हेडचं फेसिंग, म्हणजे खालची बाजू सपाट आहे का, ते बघा, पट्टी ठेवून. उगाच सरसकट फेसिंग मारायचं नाही, आणि मारलं तर व्हॉल्व्ह किती वर उरतोय ते मोजायचं. उलट व्हॉल्व्ह फार खोल बसला तरी वाईट, वर चाकणकरांनी ४६ सीसी सांगितली ना, त्यात एक मिलीमीटर खोलीला सीसी सव्वा सीसी वाढते, तेवढं कंप्रेशन गेलं. त्यामुळं सीट जास्त खाल्लेली असेल तर घासत बसू नका, नवीन सीट इन्सर्ट मारून घ्या.

लोडवाला_बीड

हेड उतरवताय तर रिंगा पण टाकूनच घ्या की. खालचा ऑइलचा चेंबर तर काढायचा. वरनं टाइट केलं की खालनं सोडतं हे सगळ्यांना माहितीये, दोन महिन्यात ऑइल खायला लागेल आणि परत हेड पॅकिंगचा खर्च.

मोजमाप_चाकण

बाकी तिघांचे २५-२६ आलेत, त्यांच्या रिंगा त्यांच्या त्यांच्या लायनरला बसलेल्या आहेत. आणि ३ ला पण हवेच्या टेस्टमधे झाकणातनं १ एवढाच आवाज आला म्हणजे त्याच्याही. चालू रिंगा काढून जुन्या चकचकीत लायनरमधे नवीन रिंगा टाकल्या, होनिंग न करता, म्हणजे लायनर आतनं घासून तिरक्या रेषा न पाडता, तर त्या बसायलाच मागत नाहीत आणि तेव्हा खरं ऑइल खाते.

डिझेल_नाना

बीडवाल्यांचं अगदीच चूक नाही, तसं होतं, पण ज्या इंजिनाच्या रिंगा आधीच काठावर होत्या त्यांचं. हेड उतरल्यावर लायनरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा. नख अडकेल एवढी पायरी पडली असेल तर विचार करा. होनिंगच्या तिरक्या रेषा अजून दिसत असतील तर खाली हात लावू नका.

जाता जाता एक. मी टाटाच्या ६९७ इंजिनावर शिकलो, ६ सिलेंडर आणि बोअर तोच तुमचा ९७, मर्सिडीजबरोबर १९५४ ते १९६९ टाटाचा करार होता त्याच्यातलं घराणं. त्या इंजिनाला आम्ही हेडची कामं केली, खालचं तसंच ठेवलं, आणि गाड्या चालल्या. ट्रक विकायला काढला की गिऱ्हाईक ब्रेदर बघतं, म्हणून मिस्त्री लोकांची पण नजर आधी तिकडंच जाते.

नारायणगावचा_टेम्पोवाला

अपडेट देतो. हेड उतरलं. ३ नंबर एक्झॉस्टच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी खाच, कडा पांढरट जळालेल्या, सीटला पण त्याच जागी चर पडलेला. पॅकिंग शाबूत. लायनरला नख कुठंच अडकलं नाही, रेषा १ ला आणि ४ ला स्पष्ट, २-३ ला पुसट पण आहेत. मिस्त्रीनंच सांगितलं खाली हात लावायचा नाही. हेड लेथवर दिलं, चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवीन, ३ ची सीट नवीन, दोन गाईड बदलल्या, बाकी ग्राइंडिंग करून लॅपिंग, पाण्याचं प्रेशर टेस्टिंग केलं. सगळं धरून त्यानं आधी सांगितलेल्याच्या चौथ्या हिश्शात बसलं.

बसवून झालं, टॉर्क रेंच लावून मधनं बाहेर असं तीन टप्प्यात आवळलं. सकाळी अर्ध्या सेल्फला उचलली, पांढरा धूर एक मिनिट. ३ नंबरला आता २६. पीयूसी पण काढली, आधी धुराचा आकडा ६५ च्या जवळ जवळ जात होता आता निवांत आहे. अजून आयडलला बारीक थरथर आहे पण ती उजव्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचं रबर फाटलंय त्याची, ते मागवलंय.

हेड परत आवळायचं का? मिस्त्री म्हणतो एक फेरी मारून या मग आवळू, इथला हेड केलेला लेथवाला म्हणतो गरज नाही.

लेथवाला_सांगली

पॅकिंगच्या पाकिटावर बघा, काही पॅकिंगला परत आवळू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काहींना आवळावंच लागतं. ते काही असो, टॅपेट मात्र एक-दोन फेऱ्या झाल्या की परत बघा, नवीन सीट बसताना व्हॉल्व्ह थोडा वर जातो आणि गॅप खातो.

लोडवाला_बीड

ते हवेचं अडॉप्टर कुणाकडनं बनवलं? माझ्या ७०९ ला पण बघायचंय, ऑइल टाकून बघायचं राहू द्या म्हणताय तर.

नारायणगावचा_टेम्पोवाला

पंपवाल्याकडं भंगारात होल्डर मिळालं, गावातल्या लेथवर भोक पाडून घेतलं आणि निपल वेल्ड केला. तुमच्या गाडीचं होल्डरच घ्या, लांबी वेगळी असली की खाली वॉशरवर बसत नाही आणि हवा तिथनंच निसटते, मग सगळ्याच सिलेंडरला लीक दिसतं.